पी.टी.चे सर : पश्चिम खानदेशापासून नंदुरबार जिल्ह्यापर्यंत

१ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला आपला जिल्हा पंचवीस वर्षांचा झाला. त्या निमित्ताने निघणाऱ्या या स्मरणिकेत सहकाराला, सिंचनाला, बाजारपेठेला स्वतंत्र प्रकरणे मिळाली. खेळाविषयी मजकूर मागताना संपादक मंडळाने ‘क्रीडासंस्थांचा आढावा’ असे शब्द वापरले. नोंदणी क्रमांक आणि घटना असलेल्या मंडळांची यादी देणे अवघड नव्हते. पण या जिल्ह्यात खेळ टिकला, वाढला तो मुख्यतः एका पदाच्या आधारावर, आणि त्या पदाला आम्ही संस्थाच मानतो. हायस्कूलच्या वेळापत्रकात ज्यांच्या रकान्यात ‘शा. शि.’ लिहिलेले असते, महाविद्यालयात ज्यांच्या दारावर ‘क्रीडा संचालक’ अशी पाटी असते आणि मुलांच्या तोंडी जे शेवटपर्यंत ‘पी.टी.चे सर’ किंवा ‘पी.टी.च्या मॅडम’ राहतात, त्यांचा हा इतिहास.

या पदाची एक खूण सुरुवातीलाच सांगितली पाहिजे. मोठ्या शहरात कबड्डीचा प्रशिक्षक कबड्डी शिकवतो, जलतरणाचा जलतरण. आपल्याकडे एकाच माणसाने खो-खोचे खांब रोवायचे, कबड्डीची माती चाळायची, व्हॉलीबॉलची जाळी ताणायची, लांब उडीचा खड्डा खणायचा, कुस्तीचे वजन घ्यायचे, स्वातंत्र्यदिनाचे संचलन बसवायचे आणि संध्याकाळी प्रवेशिकांवर मुख्याध्यापकांची सही घ्यायची. बाहेरचे लोक याला टंचाई म्हणतात. टंचाई होतीच, पण तिच्यातून कामाची एक रीत तयार झाली आणि पुढची पाने त्या रीतीविषयीच आहेत. व्यक्तींची नावे मुद्दाम टाळली आहेत. शे-दीडशे नावे घेतली तरी तितकीच राहून जातील आणि ज्यांची राहतील त्यांनीच बहुधा जास्त उन्हे सोसलेली असतील.

१९१० ते १९३० : तालमीतून शाळेत

१९०६ साली खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. धुळे हे पश्चिम खानदेशाचे ठाणे झाले आणि नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा हा मुलूख त्यात आला. त्या काळी व्यायाम म्हणजे तालीम. मारुतीची तसबीर, तांबड्या मातीचा हौदा, जोर-बैठका, मुद्गल, लाठी. शाळेत ‘ड्रिल’ होते, पण ते शिकवायला बहुधा पलटणीतून निवृत्त झालेला शिपाई येई आणि हुकूम इंग्रजी असत. तालमीतला पोरगा शाळेत जात नसे आणि शाळेतला पोरगा तालमीत.

ही दोन जगे जोडण्याचे काम ज्यांनी केले त्यांपैकी तिघांचा आपल्याशी थेट संबंध येतो. पहिले बडोद्याचे राजरत्न प्रा. माणिकराव. जुम्मादादा व्यायाममंदिरात त्यांनी शेकडो तरुणांनी एकाच वेळी करायचा संघव्यायाम बसवला आणि त्याचे हुकूम देशी भाषेत आणले. नंदुरबारहून सुरतेकडे जाणारी गाडी पुढे बडोद्याला पोहोचवते. पुण्यापेक्षा बडोदे आपल्याला नेहमीच जवळचे.

दुसरे माणिकरावांचेच शिष्य जगन्नाथ गणेश गुणे. ते १९१६ मध्ये अमळनेरला खानदेश एज्युकेशन सोसायटीत शिक्षक म्हणून आले. पुढे तिथल्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे ते प्राचार्य झाले आणि १९२३ पर्यंत अमळनेरात राहिले. बडोद्याजवळच्या मालसरला परमहंस माधवदासजींकडे त्यांनी योग शिकला तोही याच वर्षांत. १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम उभारणारे स्वामी कुवलयानंद ते हेच. ज्या वर्षी त्यांनी लोणावळ्यात काम सुरू केले त्याच वर्षी साने गुरुजी अमळनेरच्या शाळेत रुजू झाले. खानदेशात गुरुजींची आठवण प्रत्येक शाळेत निघते. गुणे मास्तरांची निघत नाही, आणि आम्हा क्रीडाशिक्षकांना ती उणीव थोडी टोचते, कारण व्यायाम हा विद्येचा भाग आहे ही गोष्ट खानदेशातल्या वर्गात बसून शिकवणारे ते आरंभीचे मोठे नाव.

तिसरा संबंध अमरावतीचा. तिथे १९१४ साली अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी हनुमान आखाडा काढला. त्याचाच पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ असा विस्तार झाला. क्रांतिकारक राजगुरू काही काळ या आखाड्यात होते, हे अमरावतीकर अभिमानाने सांगतात. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की मंडळाने केवळ मल्ल घडवले नाहीत. व्यायाम शिकवणारा शिक्षक तयार करण्यासाठी उन्हाळी वर्ग सुरू केले. सुट्टीत शिक्षकांनी यावे, लाठी, लेझीम, मल्लखांब, हुतूतू, खो-खो, आट्यापाट्या असे सगळे शिकावे आणि आपल्या गावी जाऊन शिकवावे, अशी ती कल्पना. अनेक खेळांचा एक शिक्षक हा साचा तिथे पडला.

१९३० ते १९४० : बर्लिन आणि कांदिवली

या दशकात मैदानी खेळांना नियम मिळाले. पुण्याच्या अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने खो-खो, आट्यापाट्या, हुतूतू यांचे नियम छापून काढले. गावागणिक बदलणारा खेळ आता पुस्तकात बघून खेळता येऊ लागला. बडोद्याहून मुजुमदारांच्या संपादकत्वाखाली व्यायाम ज्ञानकोशाचे खंड १९३६ पासून निघू लागले. दहा खंडांचे हे काम १९४९ पर्यंत चालले. जुन्या हायस्कुलांच्या कपाटांत त्याचा एखादा खंड आजही सापडतो, क्वचित वाळवी लागलेला, बहुतेक वेळा न उघडलेला.

१९३६ मध्ये अमरावतीच्या मंडळाचे पथक बर्लिनला गेले आणि ऑलिम्पिकच्या निमित्ताने जमलेल्या जगापुढे त्याने देशी खेळ करून दाखवले. कबड्डी परदेशात दिसली ती बहुधा तेव्हाच पहिल्यांदा. त्या प्रवासाच्या गोष्टी पुढच्या दोन पिढ्यांच्या प्रशिक्षणवर्गांत सांगितल्या जात. लंगोट लावून मातीत खेळायचा खेळ साहेबाच्या देशात टाळ्या घेऊन आला, एवढ्यानेच शाळेतल्या व्यायामशिक्षकाची मान थोडी वर झाली.

प्रत्यक्ष नोकरीचा रस्ता मात्र कांदिवलीहून आला. १९३७ मध्ये मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ आले. त्याने शारीरिक शिक्षणाचा विचार करण्यासाठी स्वामी कुवलयानंदांच्या नेतृत्वाखाली समिती नेमली आणि १९३८ मध्ये कांदिवलीला शारीरिक शिक्षणाची प्रशिक्षण संस्था सुरू झाली. पदवी घेतलेला तरुण तिथे जाऊन व्यायामाचा शिक्षक होऊ लागला. पलटणीतला शिपाई जाऊन पदवीधर शिक्षक आला, हा बदल लहान नव्हता. शिक्षकांच्या खोलीत त्याला खुर्ची मिळाली. पगारपत्रकात मात्र बराच काळ तो खालीच राहिला.

१९४० ते १९५०

९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारात शाळकरी मुलांची मिरवणूक निघाली. पोलिसांच्या गोळीबारात शिरीषकुमार मेहता आणि त्याचे साथीदार लालदास, धनसुखलाल, शशिधर व घनश्याम हुतात्मा झाले. या प्रसंगाविषयी स्मरणिकेत स्वतंत्र लेख आहे. दर वर्षी ९ सप्टेंबरला शाळा-शाळांतून निघणारी रांग, घोषणा, चौकातली मानवंदना बसवण्याचे काम पी.टी.च्या सरांकडेच असते. १९४८ मध्ये राष्ट्रीय छात्रसेना आली आणि पुढे अनेक शाळांत तिचीही टोपी याच माणसाच्या डोक्यावर बसली.

पन्नासचे दशक : संघटना उभ्या राहिल्या

१९५० मध्ये अखिल भारतीय कबड्डी महासंघ झाला. १९५४ मध्ये शालेय खेळांचा राष्ट्रीय महासंघ झाला आणि तालुक्यापासून देशापर्यंत शाळांच्या स्पर्धांची शिडी तयार होऊ लागली. खो-खोची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५९-६० च्या हंगामात विजयवाड्याला झाली. याच दशकात सावंतवाडीकडचे, आझाद हिंद सेनेतून आलेले जनरल जगन्नाथराव भोसले यांनी निर्वासितांच्या मुलांसाठी राष्ट्रीय अनुशासन योजना सुरू केली. तिचे निदेशक देशभर शाळांत गेले. संचलन, समूहगीत आणि कवायत एका तालात बसवण्याची जी पद्धत आपण आज २६ जानेवारीला पाहतो, तिच्यावर या योजनेची छाप आहे.

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये खाशाबा जाधवांनी कांस्यपदक मिळवले. त्यांना पाठवण्यासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. पश्चिम खानदेशात तेव्हा गहाण ठेवायला घर असलेले प्राचार्य सोडा, महाविद्यालयेच मोजकी होती. इथल्या शिक्षकाने काढलेली वर्गणी एसटीच्या तिकिटाची आणि वाटेतल्या चहाची असे.

साठचे दशक : महाविद्यालयातले सर

महाराष्ट्र राज्य झाले, जिल्ह्याचे नाव पश्चिम खानदेश जाऊन धुळे झाले, १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या. सहकाराच्या पाठोपाठ शिक्षणसंस्था आल्या. नंदुरबारात गजमल तुळशीराम पाटील महाविद्यालय उभे राहिले, पुढे शहादा, तळोदा, नवापूर येथेही महाविद्यालये झाली. शहाद्याच्या परिसरात पी. के. अण्णा पाटलांच्या पिढीने शाळांचे जाळे विणले. जिथे हायस्कूल तिथे शारीरिक शिक्षणाचे एक पद, जिथे महाविद्यालय तिथे क्रीडा संचालकाचे एक पद. एकच.

नेमका याच काळात देशात दोन वाटा फुटल्या. १९६१ मध्ये पतियाळाला राष्ट्रीय क्रीडा संस्था निघाली. तिथून बाहेर पडणारा एका खेळाचा प्रशिक्षक असे, हॉकीचा, कुस्तीचा, अ‍ॅथलेटिक्सचा. १९६७ मध्ये अमरावतीच्या मंडळाने शारीरिक शिक्षणाचे पदवी महाविद्यालय काढले. तिथून बाहेर पडणाऱ्याला शरीररचना, प्रथमोपचार, योगासने, मैदान आखणे, पंचगिरी आणि निदान सात-आठ खेळ येत. ज्या संस्थेकडे पद एकच आहे ती कोणाला घेणार? आपल्या शाळांनी दुसऱ्या वाटेचा माणूस घेतला. विदर्भात शिकून तापीकाठी नोकरीला आलेल्या तरुणांची मोठी फळी या दशकाच्या शेवटी आणि पुढच्या दशकात उभी राहिली. काही इथलेच होऊन गेले, अहिराणी बोलू लागले, इथेच मुलामुलींची लग्ने केली.

महाविद्यालयातल्या सरांपुढे एक वेगळी अडचण होती. १९९० पर्यंत आपली महाविद्यालये पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. विद्यापीठाच्या संघात मुलगा घालायचा तर त्याला घेऊन पुण्याला जायचे. तिथे मैदानावर बूट घालून आलेली, मराठी वेगळ्या हेलात बोलणारी मुले असत. आपला मुलगा निवडीच्या आधीच अर्धा हरलेला असे. अशा वेळी त्याच्याशी काय बोलायचे, हे कोणत्याही अभ्यासक्रमात शिकवलेले नव्हते. गाडीत जेवणाचा डबा कधी उघडायचा, रात्री धर्मशाळेत मुलांना कसे झोपवायचे, सकाळी निवडीच्या आधी चहा द्यायचा की दूध, या गोष्टी एका पिढीने दुसरीला सांगत सांगत तयार केल्या.

सत्तरचे दशक : सातपुड्यावरची शाळा

१९७२ च्या दुष्काळानंतर राज्यात आदिवासी विभागाच्या आश्रमशाळा वाढल्या आणि धडगाव, अक्कलकुवा, तळोदा, नवापूर या भागात शिक्षक वर चढला. जिल्ह्याच्या एकूण लोकसंख्येत अनुसूचित जमातींचा वाटा २०११ च्या जनगणनेत जवळजवळ ७० टक्के भरला. तेव्हा या जिल्ह्यातल्या खेळाचा इतिहास म्हणजे मुख्यतः भिल्ल, पावरा, मावची, कोकणा मुलामुलींचा इतिहास, हे स्पष्ट लिहिले पाहिजे. पूर्वीच्या स्मरणिकांनी ते लिहिलेले नाही.

आश्रमशाळेत मुले रात्रंदिवस शाळेतच असतात, ही शिक्षकाची मोठी सोय. पहाटे साडेपाचला मैदान मिळते. गैरसोय ही, की मैदान बहुतेक ठिकाणी उतारावर. दोनशे मीटरचा ट्रॅक आखायला जागा सपाट लागते आणि सातपुड्यात सपाट जागेवर लोक ज्वारी-मका पेरतात. मग शिक्षकाने रस्त्याच्या वळणांवर अंतर मोजून दगडांना फक्की लावली. पावसाळ्यात खालच्या तालुक्यांतली काळी माती पायाला धरते, हिवाळ्यात तिला भेगा पडतात. म्हणून खाली कबड्डीसाठी मुरूम आणून टाकावा लागे, वर मुरूमच मुरूम होता आणि गुडघे फुटत.

वर्षाचे वेळापत्रक शासनाच्या परिपत्रकाने ठरते, पण मुले चालतात गावच्या पंचांगाने. तालुका-जिल्ह्याच्या स्पर्धा साधारण ऑगस्टपासून दिवाळीच्या पुढेपर्यंत. धनत्रयोदशीच्या सुमारास अस्तंब्याची यात्रा असते. मुले शिखर चढून येतात आणि सुट्टीनंतर आठवडाभर शाळेत सापडत नाहीत. दिवाळी संपली की कित्येक आईबाप ऊसतोडीला गुजरातेत जातात आणि थोरल्या मुलीला धाकट्यांसाठी सोबत नेतात. जिल्ह्यात पहिली आलेली धावपटू विभागाच्या स्पर्धेला गैरहजर, कारण ती बारडोलीकडे उसाच्या फडात. होळीला काठीच्या राजवाडी होळीचा ढोल वाजला की हजेरीपट ओस. या सगळ्याला ज्या शिक्षकांनी तोंड दिले त्यांनी दोन गोष्टी शिकून घेतल्या. पाड्यावर जाऊन कारभाऱ्याशी बोलणे, आणि मुलीबरोबर मॅडम जाणार आहेत हे आईला पटवणे. अनेक शाळांत मॅडम नव्हत्या. तेव्हा मुख्याध्यापकांच्या पत्नी, परिचारिका, स्वयंपाकीणबाईसुद्धा संघाबरोबर गेल्या आहेत. त्यांची नोंद कुठल्याच प्रमाणपत्रावर नाही.

डोंगरातली पोरे जन्मतःच धावपटू असतात, असे वाक्य पाहुण्यांच्या भाषणात हमखास येते. आमचा त्याला विरोध आहे. डोंगर चढून पायाला बळ येते हे खरे. पण याच मुलांत रक्तक्षय आहे, कुपोषण आहे आणि सिकलसेल हा आनुवंशिक आजार या पट्ट्यात मोठ्या प्रमाणावर आहे. सिकलसेल असलेल्या मुलाला पाणी न पाजता दमेपर्यंत पळवले तर ते जिवावर बेतू शकते. म्हणून जाणता शिक्षक घड्याळ हातात घेण्याआधी मुलाचे डोळे आणि नखे बघतो, रक्ततपासणीचा कागद मागतो. राज्याचा सिकलसेल नियंत्रण कार्यक्रम पुढे आला. त्याआधी सांधे दुखतात म्हणून रडणाऱ्या मुलाला आळशी ठरवले जाई, हेही याच इतिहासात आहे.

ऐंशीचे दशक : दूरदर्शन, धनुष्य

१९८२ चे दिल्लीचे आशियाई खेळ आणि १९८३ चा क्रिकेटचा विश्वचषक या दोन गोष्टी गावोगाव दूरदर्शन संचांबरोबर पोहोचल्या. दुसरीचा परिणाम जास्त झाला. मधल्या सुट्टीत खो-खोच्या खांबाला स्टंप समजून गोलंदाजी सुरू झाली आणि ती अजून थांबलेली नाही.

या काळातली चांगली गोष्ट तिरंदाजीची. १९८४ मध्ये भारतीय क्रीडा प्राधिकरण झाले. त्याने आदिवासी भागांत गुणवान मुले शोधायला सुरुवात केली आणि राजस्थानातल्या उदयपूरकडचा लिंबाराम तिथून ऑलिम्पिकपर्यंत गेला. १९९२ च्या बार्सिलोनात त्याचे पदक एका गुणाने हुकले. भिल्लांत एकलव्याच्या स्मरणार्थ अंगठा न लावता बाण सोडण्याची रीत सांगितली जाते. आधुनिक तिरंदाजीतही दोरी तर्जनी, मधले बोट आणि अनामिका या तिघांनीच ओढतात, अंगठा बाजूला. म्हणजे आपल्या मुलाला पकड नव्याने शिकवावी लागत नाही. अडते ते साधनावर. स्पर्धेचे परदेशी धनुष्य लाखाच्या घरात जाते. देशी बांबूच्या धनुष्यासाठी ‘इंडियन राउंड’ हा वेगळा प्रकार आहे, त्यातून सुरुवात करता येते, आणि आपल्या शिक्षकांनी ती तशीच केली.

नव्वदचे दशक : विद्यापीठ, मग जिल्हा

या पदाच्या इतिहासात इतक्या घडामोडी एका दशकात पुन्हा झाल्या नाहीत. १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले आणि पुण्याची वाट सुटली. विद्यापीठाचा संघ आता खानदेशातल्याच मुलांतून निवडायचा होता. पहिल्या काही वर्षांत आपल्या महाविद्यालयांतले जे खेळाडू आंतरविद्यापीठ स्पर्धांना गेले, त्यांतले बरेच पूर्वीच्या व्यवस्थेत निवडचाचणीच्या मैदानापर्यंतही पोहोचले नसते. त्याच वर्षी बीजिंगच्या आशियाई खेळांत कबड्डीचा समावेश झाला आणि भारताने सुवर्णपदक घेतले. १९९४ मध्ये राष्ट्रीय खेळांसाठी पुण्याला बालेवाडीचे संकुल उभे राहिले.

१९९८ ला जिल्हा झाला. लोकांना जिल्हाधिकारी कार्यालय दिसले, शिक्षकाला दिसली शिडीतली एक रिकामी पायरी. आतापर्यंत नंदुरबार, शहाद्याचा संघ तालुका जिंकून धुळ्याला जाई. तिथे शिरपूर, साक्री, धुळे शहरातले संघ असत. आता आपल्या सहा तालुक्यांत जिंकले की थेट विभागाला, म्हणजे नाशिकला. अक्कलकुव्याची मुलगी पहिल्यांदा विभागीय स्पर्धेत उतरली ती नव्या सीमारेषेमुळे, यात संशय नाही. काही मंडळींनी तेव्हा ‘स्पर्धा सोपी झाली’ अशी टीका केली. जिल्हा वेगळा होताना धुळ्याच्या आणि आपल्या संघटनांत कागदपत्रे, साहित्य, पदे यांवरून थोडा काळ कुरबुरी झाल्या. त्या मिटल्या आहेत आणि त्यांतली बहुतेक मंडळी आता एकमेकांच्या नातवंडांच्या लग्नाला असतात, म्हणून इथे अधिक लिहीत नाही.

जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालय आले, तरी सुरुवातीला त्याच्याकडे माणसे थोडी होती. स्पर्धा भरवायच्या त्या शाळांनीच. पंच म्हणून उभे राहायचे ते इतर शाळांच्या सरांनी. सकाळी आपला संघ खेळवायचा आणि दुपारी शिट्टी घेऊन दुसऱ्याचा सामना लावायचा. आपल्या संघाचा सामना असला की मैदानाच्या पलीकडच्या बाजूला जाऊन उभे राहायचे, असा एक अलिखित नियम होता. तो बहुतेकांनी पाळला.

२००० ते २०१५ : प्रमाणपत्राला किंमत आली

२००५ मध्ये राज्य शासनाने शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण ठेवले. दहावी-बारावीच्या परीक्षेत खेळाचे वाढीव गुण मिळू लागले. पूर्वी भिंतीवर लावायचे प्रमाणपत्र आता फाइलमध्ये जपून ठेवायचे झाले. पालक मैदानावर आले, हे चांगले. त्यांच्याबरोबर जन्मतारखेचे दाखले, हरकतीचे अर्ज आणि संघनिवडीवरचे आक्षेपही आले. त्यांतून काही कटू प्रसंग घडले. स्मरणिका ही त्यांची जागा नाही.

याच काळात नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत विजेंद्रसिंग यांच्या मार्गदर्शनाखाली धावू लागली आणि २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरमध्ये तिने कांस्यपदक घेतले. आपल्या जिल्ह्यातला किसन तडवीही त्याच नाशिकच्या वाटेने जाऊन लांब पल्ल्याचा राष्ट्रीय धावपटू झाला. या वाटेचा अर्थ आमच्या पदासाठी थोडा वेगळा आहे. गावातला शिक्षक मूल ओळखतो, त्याला दोन-तीन वर्षे सांभाळतो आणि मग विशेष प्रशिक्षकाच्या हाती देतो. पदक मिळाल्यावर बातमीत नाव येते ते शेवटच्या प्रशिक्षकाचे. यात कोणाचाच दोष नाही. पण सुरुवातीचा तो मास्तर सगळे खेळ जाणणारा नसता तर पुढचे घडलेच नसते. नववीतली मुलगी खो-खोत पाठलाग करताना दुसऱ्या डावातही दमत नाही, हे त्याने पाहिलेले असते म्हणून तो तिला १५०० मीटरला उभे करतो. कबड्डीत चढाईला जाणारा पण पकडीत कच्चा असलेला हलका मुलगा तिहेरी उडीला चांगला निघतो. फक्त धावण्याचा प्रशिक्षक असता तर ती मुलगी त्याच्याकडे आलीच नसती, कारण तिला स्वतःला ठाऊक नव्हते की ती धावपटू आहे. सगळ्या खेळांना एक माणूस असण्याचा हा लाभ आजवरच्या कुठल्याच अहवालात नोंदलेला नाही.

२०१५ ते आज

प्रो कबड्डीने खेळ मातीवरून मॅटवर नेला. मातीत अनवाणी पकड करणाऱ्या मुलाला मॅटवर बुटात पाय वळवायला वेगळे शिकावे लागते आणि मॅट जिल्ह्यात मोजक्याच ठिकाणी आहे. २०१८ मध्ये खेलो इंडियाच्या शालेय स्पर्धा सुरू झाल्या. त्याच वर्षी आपल्या विद्यापीठाला कवयित्री बहिणाबाई चौधरींचे नाव मिळाले. बी.पी.एड. दोन वर्षांचे झाले. विद्यार्थिसंख्येवर पदे ठरू लागल्यावर छोट्या शाळांत सर निवृत्त झाले की पद रिकामे राहते किंवा भूगोलाच्या शिक्षकाच्या गळ्यात शिट्टी येते. अशा अनेक भूगोल-गणिताच्या शिक्षकांनी मनापासून संघ चालवले आहेत, त्यांनाही आम्ही या संस्थेत मोजतो.

कोरोनाच्या दोन वर्षांत स्पर्धा बंद होत्या. चौदा वर्षांखालच्या गटातली मुले एकही सामना न खेळता वरच्या गटात गेली. आश्रमशाळेतली मुले घरी होती. परत आली तेव्हा काहींची उंची वाढली होती, काही मुलींची लग्ने झाली होती. ती पिढी सावरायला शिक्षकांना अजून काही हंगाम लागतील.

आजचे काम असे. जूनमध्ये मैदानाची साफसफाई, जुलैत तालुक्याची सभा आणि स्पर्धांचे वाटप, ऑगस्टपासून सामने. १४, १७ आणि १९ वर्षांखालील मुले आणि मुली असे सहा गट, प्रत्येक गटाचे वेगळे ओळखपत्र, वेगळा दाखला. महाविद्यालयात विद्यापीठाच्या आंतरविभागीय स्पर्धा, सोबत राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर आणि योगदिन. पोलीस व सैन्यभरतीची तयारी करणारी मुले पहाटे पाचला मैदानावर असतात. १६०० मीटरचे घड्याळ त्यांनाही सरच लावून देतात, त्याचा कुठल्याही तासिकेत हिशेब नाही. शालेय स्पर्धांच्या प्रवेशिका आता ऑनलाइन भरायच्या असतात. धडगावच्या वरच्या पाड्यांत रेंज नसते, म्हणून तिकडचे सर शनिवारी दुपारी शाळा सुटली की दाखल्यांची पिशवी घेऊन मोटारसायकलवर शहाद्याला उतरतात, एखाद्या ओळखीच्या दुकानात बसून रात्रीपर्यंत नावे भरतात आणि रविवारी सकाळी सरावाला परत वर जातात.